हात कुठून कुठपर्यंत? निरनिराळ्या भाषांतली अवयवांची नावं

सीमारेषा

शरीर सगळ्यांचं सारखंच, हाडं तीच आणि सांधेही तेच. मग अवयवांची नावंही एकास एक जुळतील असं धरून शब्दकोश उघडला, तर पहिल्याच शब्दाला गाडी अडते. इंग्रजीत खांद्यापासून मनगटापर्यंत 'आर्म' आणि मनगटाच्या पुढे 'हँड'. मराठीत खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सगळा हातच. रशियनमध्ये 'रुका' तसाच, आणि स्वाहिलीत 'म्कोनो'ही तसाच. तुर्कीत मात्र 'कोल' वेगळा, 'एल' वेगळा.

सेसिल ब्राउन यांनी जागतिक भाषा-नकाशासंग्रहासाठी (२००५) ६१७ भाषा तपासल्या. हात आणि पंजा यांना एकच शब्द असलेल्या भाषा २२८ निघाल्या, वेगळे शब्द असलेल्या ३८९. बोट आणि पंजा यांची तीच तपासणी ५९३ भाषांत झाली, तेव्हा एकच शब्द वापरणाऱ्या फक्त ७२ सापडल्या. म्हणजे मनगटाची सीमा पुष्कळ भाषा ओलांडतात, बोटाच्या मुळाशी असलेली सीमा क्वचितच ओलांडली जाते.

पायांकडे वळलं की चित्र बदलतं. हंगेरियनमध्ये 'केझ' म्हणजे पंजा आणि 'कार' म्हणजे त्याच्या वरचा हात, पण पायाला वरपासून खालपर्यंत एकच 'लाब'. जपानीतही 'ते' आणि 'उदे' वेगळे, पाय मात्र 'आशी'. लिहिताना मांडीपासूनच्या पायाला एक चिन्ह आणि पावलाला दुसरं असतं, उच्चार दोन्हींचा एकच. यावरूनच एलेन अँडरसन यांनी १९७८ मध्ये नियम मांडला होता: ज्या भाषेत पावलाला वेगळा शब्द आहे, तिच्यात पंजालाही असतोच, उलट मात्र होईलच असं नाही. पायाच्या बोटांचंही तसंच. रशियन, स्पॅनिश, अरबी, स्वाहिली, मराठी या सगळ्या हाताच्या बोटाचा शब्द पायाला देतात. फ्रेंचमध्ये पायाच्या बोटाला 'ऑर्तेय' हा स्वतंत्र शब्द आहे, तरी बोलताना 'पायाचं बोट' असंही सर्रास म्हणतात.

हा नियम सॉलोमन बेटांवरच्या लावुकालेवे भाषेत मोडतो. तिथे हात आणि पाय या दोन्हींना मिळून 'ताऊ' हा एकच शब्द आहे. पावलाला वेगळा शब्द आहे, पण पंजाला नाही. मलाय द्वीपकल्पातल्या जाहाई भाषेचा कल दुसऱ्या टोकाचा. दंड, कोपराखालचा हात आणि पंजा यांना तीन सुटे शब्द, आणि तिन्ही मिळून होणाऱ्या हाताला शब्दच नाही.

म्हणून कुठल्याही भाषेतलं अवयवाचं नाव पाहताना 'याला काय म्हणतात' यापेक्षा 'हे नाव कुठून कुठपर्यंत लागू आहे' हा प्रश्न आधी विचारावा. धागा त्यासाठीच काढला आहे. जाणकारांनी भर घालावी.

दुभाषी

'कुठून कुठपर्यंत' हा प्रश्न वैद्यकीय भाषांतरात रोज लागतो. इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या प्रश्नावल्या, संमतिपत्रं, औषधांच्या सूचना यांत ज्या चुका वारंवार दिसतात, त्या देतो.

'लो बॅक पेन'चं भाषांतर पाठदुखी केलेलं असतं. मराठी माणूस पाठ म्हणतो तेव्हा मानेखालून बरगड्या संपेपर्यंतचा भाग त्याच्या डोळ्यांसमोर असतो. त्याखाली दुखत असेल तर तो कंबर दुखते असं सांगतो. परिणाम असा की ज्याची कंबर महिनाभर धरलेली आहे, तो 'पाठदुखी आहे का?' यापुढे प्रामाणिकपणे 'नाही' लिहितो. योग्य शब्द कंबरदुखी. त्याची दुसरी बाजूही आहे: इंग्रजीत 'वेस्ट' दुखत नाही, तिचा फक्त घेर मोजतात. मराठी कंबर दुखतेही आणि मोजलीही जाते.

मोजण्यावरून 'हिप'. हा इंग्रजी शब्द सांध्यालाही लागतो, बाजूच्या हाडालाही आणि घेर मोजताना नितंबांनाही. सांधा असेल तर खुबा. घेर असेल तर नितंबांचा घेर, आणि टेप सगळ्यांत रुंद भागावरून फिरवायची. कमरेचा घेर शेवटच्या बरगडीची खालची कड आणि बाजूच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध. हे शब्दांत लिहूनच द्यावं लागतं, कारण नुसतं 'कंबर' म्हटलं की बहुतेक जण पँटचा पट्टा बसतो तिथे मोजतात, आणि आकडा चुकतो.

'आर्म'ला हात लिहिणं बिनधोक नाही. रक्तदाबाचा पट्टा 'हाताला' बांधा असं लिहिलं की तो कोपराखालीही बांधला जातो. दंडाला लिहा, आणि पट्ट्याची खालची कड कोपराच्या आतल्या घडीच्या २ ते ३ सेंटिमीटर वर, हेही लिहा. 'फोरआर्म'साठी पाठ्यपुस्तकी 'अग्रबाहू' नको. 'कोपरापासून मनगटापर्यंतचा हात' लांबलचक वाटतं, पण चुकत नाही.

आणि 'पायाला सूज' हे उत्तर कधीही तसंच पुढे पाठवू नये. पावलावर, घोट्याशी, पोटरीला की गुडघ्याला, हे विचारायचं. एकाच पोटरीला सूज आणि दोन्ही पावलांना सूज यांतून डॉक्टर निराळे अर्थ काढतात.

काळीज हा शब्द भाषांतरात टाळावा हे बरं. मुळात तो यकृताकडे झुकणारा, कलेजी त्याच घरातली. आज बोलताना मात्र हृदयच अभिप्रेत असतं. हृदय किंवा यकृत, स्पष्ट लिहा.

मंजिरी_क

दुभाषी, 'पाठ' आणि 'कंबर' वाचून लगेच खूण करून ठेवली.

सीमारेषा, एक शंका. मराठीत पाऊल हा रोजचा शब्द आहे. पंजा मात्र वाघाचा, हातमोज्याचा किंवा 'हाताचा पंजा' असा जोडूनच येतो. मग अँडरसन यांच्या नियमाला मराठीही अडचणीचीच नाही का?

सीमारेषा

मंजिरी, शंका अगदी योग्य जागी आहे. 'पावलाला सूज आली' हे सहज बोलणं. 'पंजाला सूज आली' हे कळतं, पण बहुतेक जण 'हात सुजला' म्हणून बोटांकडे दाखवतील. तळहात आहे, पण तो एकाच बाजूचा. नियम वाचवायचा तर पंजा हा शब्द मोजावा लागतो. वापराचं पारडं मात्र पावलाकडे झुकतं.

मराठी ही उणीव क्रियापदाने भरून काढते. 'हात धुतले' यात हात मनगटाशी संपतो. 'हात मोडला' यात तो मनगटापासून खांद्यापर्यंत कुठेही असू शकतो. 'हात वर कर' यात अख्खा. 'पाय धुवून ये' म्हटल्यावर मांडी कुणी धुवत नाही. शब्दकोशात 'हात' या नोंदीखाली हे तिन्ही विस्तार उदाहरणांसकट द्यायला हवेत. नुसतं 'बाहू, कर, हस्त' लिहून काहीच कळत नाही.

नवखा_अभ्यासू

एखाद्या बोलीतली अवयवांची नावं गोळा करायची असतील तर पद्धत कोणती? बोट दाखवून विचारत जाणं पुरेसं नाही का?

क्षेत्रपाहणी

पुरेसं नाही. बोटाचं टोक एका बिंदूला टेकतं. मनगटाच्या वर दोन बोटं टेकवलीत तर उत्तर 'हात', 'मनगट', 'कातडी', 'नस', 'हाड' यांपैकी काहीही येऊ शकतं, आणि यांतलं कुठलंही चूक नसतं. त्यातून नाव मिळतं, विस्तार मिळत नाही.

यासाठी मिरियम फान स्टाडेन आणि आसिफा माजिद यांनी रंगवण्याची पद्धत रूढ केली (२००६). ती अशी.

आधी गप्पांतून शब्द गोळा करा, डोक्यापासून खाली येत. मग शरीराची समोरची आणि पाठीमागची अशी दोन रेखाचित्रं एका कागदावर घ्या. एका शब्दाला एक कोरा कागद. सांगायचं एवढंच: 'यातला हात रंगवा.' पुढच्या शब्दाला नवा कागद, आधीचा नजरेआड. शब्दांचा क्रम प्रत्येकासाठी पिसायचा. खांदा, दंड, कोपर, मनगट अशा ओळीने विचारलं की माणूस आपोआप शेजारच्या अवयवासाठी जागा सोडून रंगवतो आणि नसलेल्या सीमा तयार होतात. शेवटी एका शब्दाचे सगळ्यांचे कागद एकावर एक ठेवून उजेडाकडे धरले की गाभा गडद दिसतो आणि कडा फिकट. फिकट पट्टा रुंद असेल तर ती सीमा बोलणाऱ्यांच्या मनातही धूसर आहे, हीच नोंद करायची. कुणी चुकलं असं समजून ते कागद बाजूला काढू नका.

बिघडतं कुठे? बहुधा चित्रातच. मनगटावर किंवा घोट्यावर रेघ असेल, बाही किंवा मोजा काढलेला असेल, तर रंग तिथेच थांबतो. म्हणून आकृतीची फक्त बाह्यरेषा असावी. हात अंगाला चिकटलेले नकोत, नाहीतर काख आणि कूस रंगवायला जागाच उरत नाही. ताठ उभी आकृती, तळवे पुढे, बोटं थोडी फाकलेली.

दुसरी अडचण व्याकरणाची. अमेरिकेतल्या आदिवासींच्या नाव्हाहो भाषेत नुसता 'हात' म्हणताच येत नाही. 'शीला' माझा हात, 'नीला' तुझा, 'बीला' त्याचा किंवा तिचा, आणि कुणाचाच सांगायचा नसेल तर 'आला', म्हणजे 'कुणाचा तरी हात'. (शेवटचा कंठातला झटका देवनागरीत उतरत नाही.) स्वतःच्या हाताकडे बोट दाखवून विचारलंत तर उत्तर 'तुझा हात' असं येणार. एक-दोनच शब्द घेतले तर तो 'तुझा' शब्दाचाच भाग वाटतो आणि यादीत तसाच चिकटून राहतो. उपाय साधा: प्रत्येक अवयव माझा, तुझा, त्याचा अशा तिन्ही रूपांत घ्यायचा आणि बदलतं ते काढून टाकायचं.

तिसरी गोष्ट, 'चा भाग' ही कसोटी सगळीकडे चालत नाही. नख बोटाचं, बोट हाताचं, इथवर ठीक. त्यावरून शरीर, हात, पंजा, बोट, नख अशी उतरंड प्रत्येक भाषेत असेलच असं समजायचं नाही. लावुकालेवेचा अभ्यास करणाऱ्या अँजेला टेरिल यांना तिथे अशी उतरंड लागू पडत नाही असंच आढळलं. त्याऐवजी नाकारून पाहावं: 'हाताला नाही, दंडाला लागलं' हे वाक्य खटकतं का? खटकलं तर 'हात' या शब्दात दंडही धरलेला आहे. चाललं तर त्या बोलणाऱ्याच्या हाताला कोपराखालचा अरुंद अर्थही आहे.

शब्दमूळ

सीमा आजच्या भाषांमध्येच हलतात असं नाही, एकाच शब्दाच्या आयुष्यातही हलतात. संस्कृत ग्रंथ मराठी अर्थाने वाचणाऱ्यांनी हे जपावं.

जंघा घ्या. संस्कृतात जंघा म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा पाय; मांडीला शब्द ऊरु. हिंदीत तीच जाँघ वर सरकून मांडी झाली. मराठीत आणखी वर चढून जांघ म्हणजे मांडी आणि ओटीपोट यांच्यामधला सांधा. तीन टप्प्यांत शब्द नडगीवरून जांघेत पोचला! आयुर्वेदाच्या भाषांतरात 'जंघा' वाचून मांडीला लेप सांगितलेला दिसतो, तो यामुळे.

काख म्हणजे संस्कृत कक्ष. त्याचाच सख्खा भाऊ लॅटिन 'कॉक्सा', अर्थ खुबा. कॉक्सापासून फ्रेंच 'क्विस', अर्थ मांडी. आयरिशमध्ये त्याच मुळाचा 'कॉस', अर्थ पाय. मूळ एकच, आणि अर्थ काखेपासून पायापर्यंत. यात एक समान धागा आहे: दोन भाग जिथे दुमडतात, तो खळगा. काख आणि जांघ दोन्ही खळगेच.

हनु संस्कृतात जबडा, ग्रीक 'गेनीस'ही जबडा, लॅटिन 'गेना' गाल, इंग्रजी 'चिन' हनुवटी, आणि आपली हनुवटी हनूवरूनच. लॅटिन 'स्पातुला'पासून इटालियन 'स्पाल्ला' आणि फ्रेंच 'एपोल' हे खांदे झाले, स्पॅनिशमध्ये मात्र त्याचीच 'एस्पाल्दा' म्हणजे पाठ. इटालियन येणाऱ्याने स्पॅनिशमध्ये अंदाजाने बोललं तर दुखणं खांद्यावरून पाठीवर जातं.

डेव्हिड विल्किन्स यांनी १९९६ मध्ये या सरकण्याची दिशा दाखवली. अंश पूर्णाकडे जातो: बेंबीचा शब्द पोटाला, पोटाचा धडाला, धडाचा शरीराला, शरीराचा माणसाला. नखाचा बोटाला, बोटाचा पंजाला. उलट प्रवास दुर्मीळ. दोन भाषांतले शब्द सख्खे आहेत का हे ठरवताना याचा थेट उपयोग होतो. एकीकडे 'बेंबी' आणि दुसरीकडे 'पोट' असेल तर बेंबी हा जुना अर्थ असण्याची शक्यता अधिक.

रशियन 'पालेत्स' आधी फक्त अंगठा होता, आता कुठलंही बोट, पायाचंसुद्धा. बोटाचा जुना शब्द 'पेर्स्त' शिंप्यांकडे टिकला: 'नापेर्स्तक' म्हणजे अंगुस्तान. आपल्या अंगुस्तानातही फारसीतलं बोटच, 'अंगुश्त'.

बाहुली

सदस्यनावाला जागून डोळ्यातल्या बाहुलीबद्दल लिहायलाच हवं.

लॅटिन 'पुपिल्ला' म्हणजे लहान मुलगी, बाहुली. ग्रीक 'कोरे' म्हणजे मुलगी आणि बाहुलीही. संस्कृत कनीनिकेतही मुलगी आहे. स्पॅनिश 'डोळ्याची मुलगी', अरबी 'डोळ्यातला माणूस', फारसी 'मर्दोमक' म्हणजे छोटा माणूस, हिब्रू 'ईशोन' बहुधा तसाच छोटा माणूस, मलाय 'डोळ्याचं मूल'. यांतल्या काहींनी एकमेकींकडून घेतलं असेल, पण सगळ्यांना घ्यायची गरज नव्हती, कारण ती आकृती खरोखर दिसते.

भरपूर उजेडात, उजेडाकडे पाठ न करता, वीतभर अंतरावरून कुणाच्या डोळ्यात पाहा. पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, हा फुगीर आरसा आहे, त्रिज्या साधारण ८ मिलिमीटर. फुगीर आरशात प्रतिमा लहान आणि सुलट उमटते, आणि ती पृष्ठभागावर न दिसता त्रिज्येच्या निम्म्या खोलीवर, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर आत असल्यासारखी दिसते. बाहुलीही जवळपास तेवढ्याच आत असते. मागे काळोख, त्यामुळे आपलीच इवलीशी आकृती नेमकी त्या काळ्या गोलात उभी दिसते. मराठीत बाहुली आणि बुबुळ यांची सरमिसळ होते, पण आकृती दिसते तो काळा गोल ती बाहुली, भोवतीचं रंगीत कडं ते बुबुळ, हा भेद पाळावा.

काही जोड्या भराभर देते. टाळूला रशियन, डच, रोमानियन आणि ग्रीक या चारही भाषांत आभाळाचा शब्द किंवा त्याचंच रूप. जपानीत मनगट म्हणजे 'हाताची मान' आणि घोटा 'पायाची मान', कोरियनमध्येही तेच. तुर्कीत घोटा म्हणजे 'पावलाचं मनगट'. पोटरी चिनीत 'पायाचं पोट', आणि तिथल्या स्नायूचं वैद्यकीय नाव गॅस्ट्रोक्नेमियस हेही ग्रीक 'नडगीचं पोट'च. स्नायूसाठीचा लॅटिन 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर. दंडाची बेटकुळी फुगवून पाहिली तर उंदीर कातडीखाली पळताना दिसतोच, फक्त मराठीला तिथे बेडूक दिसला. माकडहाडाला ग्रीकांनी कोकिळेच्या कुळातल्या पक्ष्याचं नाव दिलं, कारण त्याचा आकार चोचीसारखा. अक्कलदाढ अरबी आणि लॅटिनमध्येही अकलेचीच. तुर्कीत 'विसाव्या वर्षाचा दात', जपानीत 'आईबापांना ठाऊक नसलेली', कोरियनमध्ये 'प्रेमदाढ'.

अनामिका मात्र सगळ्यांत लोभस. संस्कृत, चिनी, रशियन, फिनिश या चार अगदी वेगळ्या भाषांत तिचं नाव 'बिननावाची'. जपानीत ती 'औषधाचं बोट'.

मंजिरी_क

बेटकुळी वाचून आनंद झाला.

विषुववृत्ताबद्दल कुणी लिहिलं नाही. उष्ण प्रदेशातल्या भाषांत हात आणि पंजाला एकच शब्द असतो, कारण बाह्यांचे कपडे नसतात, असं वाचलं होतं. हे पक्कं मानायचं का?

सीमारेषा

कल पक्का, कारण पक्कं नाही. ब्राउन यांच्याच नकाशात विषुववृत्ताजवळ एकशब्दी भाषा अधिक दिसतात, आणि कपड्यांचं कारणही त्यांनीच सुचवलं: बाही मनगटाशी संपते, तिथे डोळ्याला सीमा दिसते. पण रशियन थंडीतही 'रुका' एकच ठेवते. शिवाय शेजारच्या भाषा एकमेकींची सवय उचलतात आणि एका कुळातल्या भाषांना ती वारशाने मिळते, त्यामुळे नकाशावरचे दहा ठिपके म्हणजे दहा स्वतंत्र पुरावे नव्हेत. २०२४ मध्ये आनिका ट्युका आणि सहकाऱ्यांनी १०२८ भाषा-बोलींतल्या अवयवनामांची जाळी मांडून तुलना केली. त्यात शेजारी असलेले अवयवच बहुतेक वेळा एका नावाखाली येतात असं दिसलं. आकार आणि काम यांच्या साम्यामुळेही नावं जुळतात, पण भाषांमधला फरक तिथे वाढतो. हवामानापेक्षा शेजार हे कारण मला जास्त पटतं.

नवखा_अभ्यासू

क्षेत्रपाहणी, पद्धत समजली, आभार. मूठ, ओंजळ, मांडी हे शब्द रंगवायचे कसे? उभ्या आकृतीत मूठ नाहीच.

क्षेत्रपाहणी

ते रंगवायचे नाहीत, त्यांची यादी वेगळी. हे अवयव शरीराच्या ठेवणीतून होतात. पंजा मिटला की मूठ, दोन्ही तळहात जोडून खोलगट केले की ओंजळ, बसल्यावर मूल घेतो ती मांडी. उठलं की ही मांडी जाते, पायाची मांडी राहते. इंग्रजीत या दोन्हींना दोन वेगळे शब्द, मराठीत एकच, म्हणून मराठीच्या यादीत मांडीची नोंद दोनदा हवी. कडेवर घेणे यातली कडही याच यादीत.

प्रत्येक शब्दापुढे तीन रकाने करा: कुठल्या ठेवणीत होतो, कोणते अवयव त्यात येतात, आणि ठेवण मोडली की त्याच जागेला काय म्हणतात. हाताच्या ठेवणी आधी घ्या, त्या सर्वांत जास्त निघतात: मूठ, ओंजळ, पसा, चिमूट, वीत. शब्द मिळाला की ती ठेवण करून दाखवायला सांगा आणि तिचा फोटो नोंदीला जोडा. ओंजळ आणि पसा यांतला फरक वर्णनात नेहमी निसटतो; ओंजळीला दोन हात लागतात, पशाला एक, हे फोटोत लगेच कळतं.